संशोधन-प्रकल्पातील संशय आणि समाधान

परीक्षेसाठी केलेला अभ्यास आणि संशोधनासाठी केलेला अभ्यास यांत एक मूलभूत भेद आहे. परीक्षेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणाला तरी आधीच ठाऊक असते. निदान ते कोठे सापडेल हे तरी ठाऊक असते. संशोधन-प्रकल्प हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. ते ठाऊक असते तर त्या प्रकल्पाचे प्रयोजनच उरले नसते. हा भेद वरवर लहान दिसतो. परंतु आयुष्याची पंधरा-सोळा वर्षे पहिल्या प्रकारच्या अभ्यासात घालविलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासात प्रथमच पाऊल टाकताना जी अस्वस्थता वाटते, तिचे मूळ याच भेदात आहे. ही अस्वस्थता त्याच्या बुद्धीचा किंवा परिश्रमाचा दोष नव्हे. तो ज्या प्रदेशात शिरला आहे त्या प्रदेशाचे ते लक्षण आहे.

हा अनुभव पूर्वी पदव्युत्तर आणि त्यापुढील वर्गांपुरता मर्यादित होता. आता तो त्याआधीच येऊ लागला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पदवी-अभ्यासक्रमाच्या आराखड्यात, पहिल्या ६ सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली १२ श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प करता येईल, अशी तरतूद आहे. म्हणजे विशीतल्या विद्यार्थ्यासमोरही आता अनुत्तरित प्रश्न येणार. अशा वेळी त्याला कोणत्या प्रकारचे मार्गदर्शन हवे, आणि त्याला जो धीर द्यावयाचा तो कशाच्या आधारावर द्यावयाचा, याचा स्पष्ट विचार होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात हा विचार बोलींच्या अभ्यासातील एका प्रकल्पाच्या आधारे केला आहे. परंतु त्यातील बराचसा भाग अन्य विषयांनाही लागू पडेल.

१. ‘समाधान’ या शब्दाचे दोन अर्थ

खचलेल्या माणसाला उभारी देण्याच्या क्रियेसाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. ‘दिलासा’ हा शब्द फारसीतून आला. त्यातील ‘दिल’ म्हणजे अंतःकरण. दिलासा देणारा मनाला गोंजारतो. मनाला कशामुळे क्लेश होत आहेत याची चौकशी त्याने केलीच पाहिजे असे नाही. ‘आश्वासन’ हा संस्कृत शब्द ‘श्वस्’ या धातूपासून बनलेला. कोंडलेला श्वास मोकळा करणे हा त्याचा मूळ आशय. आजच्या व्यवहारात मात्र पुढे काहीतरी करण्याचे वचन असा त्याचा अर्थ रूढ झाला आहे. ‘हमी’ या शब्दाला तर जामीनकीचाच वास आहे. हमी देणारा उद्याच्या निष्पत्तीची जबाबदारी आजच अंगावर घेतो.

या सर्वांहून ‘समाधान’ हा शब्द निराळा आहे. ‘त्याचे समाधान झाले’ असे म्हटले म्हणजे त्याच्या मनाला स्वस्थता लाभली असा अर्थ होतो. ‘शंकेचे समाधान केले’ असे म्हटले म्हणजे शंकेला युक्तिवादाने उत्तर दिले असा अर्थ होतो. मनाची स्वस्थता आणि शंकेचे निरसन या दोन गोष्टी मराठीने एकाच शब्दात सांगितल्या आहेत. संशोधनापुरते बोलावयाचे तर हा नुसता शब्दयोग नाही. येथे पहिल्या अर्थाचे समाधान दुसऱ्या अर्थाच्या समाधानातूनच यावे लागते. ते अन्य मार्गाने आले तर टिकत नाही. ‘काळजी करू नका, सर्व व्यवस्थित होईल’ या वाक्याने विद्यार्थ्याची एक संध्याकाळ बरी जाते. दुसऱ्या दिवशी सामग्रीतील पहिलीच विसंगत नोंद समोर आली की ते वाक्य निरुपयोगी ठरते, कारण त्या नोंदीचे काय करावयाचे हे त्यात सांगितलेले नसते.

भारतीय शास्त्रपरंपरेला ही गोष्ट उत्तम ठाऊक होती. मीमांसेतील अधिकरणाची जी अंगे सांगितली जातात त्यांत विषयाच्या लगेच नंतर संशयाला स्थान आहे. पूर्वपक्ष आणि सिद्धान्त त्यापुढे येतात. संशय हे विचाराचे एक अंगच मानलेले आहे. ज्या अधिकरणात संशय नाही तेथे विचार करण्याजोगे काही नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

२. संशयांचे वर्गीकरण

समजा, भाषाशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने वऱ्हाडी बोलीचा अभ्यास करण्याचे ठरविले आहे. वऱ्हाडीत ‘डोळा’ या शब्दाच्या जागी ‘डोया’, ‘काळा’च्या जागी ‘काया’, ‘शाळा’च्या जागी ‘शाया’ असे उच्चार ऐकू येतात, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. शालेय शिक्षणाच्या प्रसाराबरोबर हा ‘य’ मागे पडून प्रमाण भाषेतील ‘ळ’ त्याची जागा घेत आहे काय, हे तिला पाहावयाचे आहे. अकोला जिल्ह्यातील एक गाव तिने निवडले आहे. तीन महिन्यांनंतर ती मार्गदर्शकाकडे येते आणि म्हणते, ‘हे काम माझ्याकडून होईल असे वाटत नाही.’

या एका वाक्याच्या पोटात चार निरनिराळे संशय असू शकतात, आणि त्यांतील प्रत्येकाचे समाधान वेगळे आहे.

पहिला संशय विषयाच्या व्याप्तीविषयीचा. ‘वऱ्हाडी बोली’ हा विषय एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यावर पिढ्यान् पिढ्या काम करता येईल. ‘एका गावातील तीन वयोगटांतील २४ भाषकांच्या बोलण्यातील ळ’ हा विषय मात्र मोजता येतो. प्रत्येक भाषकाकडून ४० शब्द मिळवावयाचे ठरविले तर ९६० उच्चार हाती येतात. प्रत्येकाचे अर्धा तास बोलणे मुद्रित केले तर १२ तासांचे ध्वनिमुद्रण होते, आणि ते ऐकून लिहून काढण्यास त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. हा हिशेब कागदावर मांडताच काम किती आहे हे कळते. अमर्याद वाटणाऱ्या कामाची धास्ती बहुधा त्याची मर्यादा आखल्याबरोबर निम्मी होते.

दुसरा संशय पद्धतीविषयीचा. ‘डोळा, केळ, फळ, गूळ, उन्हाळा, सकाळ’ अशी यादी छापून भाषकाला वाचावयास दिली तर साक्षर मनुष्य ‘ळ’ पाहून ‘ळ’च वाचणार, तो त्याच्या बोलीचा पुरावा नसून त्याच्या शाळेचा पुरावा होईल. म्हणून गूळ दाखवून ‘हे काय?’ असे विचारावे, किंवा उन्हाळ्यातील पाण्याच्या हालांविषयी बोलते करावे, म्हणजे ‘उन्हाळा’ हा शब्द आपोआप येतो. या संशयाचे उत्तर अनुभवी माणसाकडे तयार असते. ते विचारण्यात कमीपणा मानणारा विद्यार्थी स्वतःचे महिने वाया घालवितो.

तिसरा संशय सामग्रीविषयीचा. नोंदी अपेक्षेप्रमाणे आलेल्या नसतात, परस्परांशी जुळत नाहीत, आणि मग चूक नोंदींत आहे की अपेक्षेत, हे कळत नाही. या संशयाचे उत्तर कोणाजवळही तयार नसते. ते सामग्रीकडून काढून घ्यावे लागते. त्याचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

चौथा संशय स्वतःविषयीचा : आपल्या अंगी हे काम करण्याची पात्रता आहे काय? हाच संशय सर्वांत मोठ्याने बोलतो. पण बहुतेक वेळा तो पहिल्या तिघांपैकी एखाद्याचा वेष घेतलेला असतो, किंवा ते तिघे त्याचा वेष घेतात. व्याप्ती ठरलेली नसते, पद्धत समजलेली नसते, नोंदी जुळत नसतात. आणि विद्यार्थी म्हणतो की मीच अपात्र आहे. अशा वेळी त्याच्या पात्रतेची स्तुती करणे म्हणजे भलत्याच प्रश्नाचे उत्तर देणे होय. कोणता संशय खरा आणि कोणता वेषांतर केलेला, हे ओळखणे हे मार्गदर्शनाचे पहिले कार्य आहे. क्वचित चौथा संशय स्वतंत्रपणेही असतो. घरची अडचण, प्रकृती, मनाचा थकवा अशी त्याची कारणे असतात. तेथे शास्त्राचे काम नाही. तेथे कामाची मुदत वाढविणे आणि योग्य माणसाकडे मदतीसाठी पाठविणे हेच उचित होय.

३. नीटनेटक्या नोंदींचा धोका

सामग्रीविषयीचा संशय दुर्लक्षित राहिला तर काय होते, हे पाहिले म्हणजे या सर्व विवेचनाचे महत्त्व ध्यानात येईल.

वरील विद्यार्थिनीची अपेक्षा अशी आहे की वृद्ध भाषक ‘डोया’ म्हणतील, तरुण ‘डोळा’ म्हणतील, आणि मधल्या वयाचे लोक कधी एक, कधी दुसरे म्हणतील. एका घरी सत्तरी ओलांडलेल्या आजी तिच्याशी बोलत आहेत. शहरातून आलेल्या, हाती ध्वनिमुद्रक घेतलेल्या मुलीशी बोलताना त्या ‘डोळा’ म्हणतात. इतक्यात नातू अंगणातून धावत येतो, त्याच्या नजरेत काही गेलेले असते, आणि आजी त्याला जवळ ओढून ‘डोया’ उघडावयास सांगतात. ध्वनिमुद्रणात दोन्ही उच्चार आहेत. तक्त्यात मात्र प्रत्येक शब्दापुढे एकच रकाना आहे.

या ठिकाणी जिला मार्गदर्शन मिळालेले नाही अशी विद्यार्थिनी काय करील? ती खोटे लिहिणार नाही. ती फक्त ‘अधिक खरा’ उच्चार निवडील. आणि वृद्ध भाषकांकडून ‘य’चीच अपेक्षा असल्यामुळे ‘डोया’ लिहून ‘डोळा’ सोडून देईल. अशा दहा-वीस निवडी झाल्या की तक्ता अपेक्षेशी सुरेख जुळू लागतो. प्रबंधिका नीटनेटकी होते, परीक्षकही संतुष्ट होतात. परंतु त्या गावातील लोक कोणाशी कसे बोलतात ही जी खरी वस्तुस्थिती ध्वनिमुद्रणात पकडली गेली होती, ती तक्त्यातून कायमची नाहीशी होते.

ही हानी केवळ एका प्रबंधिकेची नाही. प्रयोगशाळेतील प्रयोग पुन्हा करता येतो. आज सत्तरीत असलेल्या भाषकाचे बोलणे वीस वर्षांनी पुन्हा मिळविता येत नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची बोलीबोलींतील रूपांतरे दिली आहेत. आजच्या अभ्यासकाला शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीच्या बोलीकडे पाहण्यासाठी जी थोडी गवाक्षे उपलब्ध आहेत त्यांपैकी ते एक आहे. रूपांतर करणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे जेथे भाषा ‘सुधारली’ असेल तेथे ते गवाक्ष बंद झाले. आता ते उघडण्याचा उपाय नाही. आजच्या विद्यार्थ्याची नोंद हीही पुढच्या शतकातील अभ्यासकाचे गवाक्षच आहे.

तेव्हा नोंदी नीटनेटक्या करण्याचा मोह हा मुख्यतः अप्रामाणिकपणातून होत नसून भीतीतून होतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. विसंगत नोंद म्हणजे आपले अपयश, अशी समजूत असलेला विद्यार्थी विसंगती लपवील. विसंगत नोंद म्हणजे सामग्रीने विचारलेला प्रश्न, असे ज्याला समजावून दिले आहे तो ती जपून ठेवील. येथे मार्गदर्शकाने द्यावयाचा धीर अगदी साधा आहे : दोन्ही उच्चार नोंदवावेत, तक्त्यात ‘कोणाशी बोलताना’ असा आणखी एक रकाना वाढवावा, आणि आधीची ध्वनिमुद्रणे या दृष्टीने पुन्हा ऐकावीत. एका रकान्याची ही वाढ कोणत्याही स्तुतीपेक्षा अधिक समाधान देते, कारण जी गोष्ट अडचण होती तीच आता अभ्यासाचा विषय झालेली असते.

४. एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचे उदाहरण

माणसे पाहिली जात नसताना कशी बोलतात हे जाणून घ्यावयाचे, आणि त्यासाठी त्यांना पाहणे तर अपरिहार्य, ही अडचण भाषाशास्त्रात ‘निरीक्षकाचा विरोधाभास’ या नावाने प्रसिद्ध आहे. हे नाव रूढ करणारे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह हे २०२४ मध्ये वारले. त्यांचे पहिले महत्त्वाचे कार्य हा एक विद्यार्थी-प्रकल्पच होता, आणि सामग्री अपेक्षेशी न जुळण्याचे त्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

लबोव्ह हे आधी औद्योगिक रसायनतज्ज्ञ होते. तिशी उलटल्यावर ते न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात भाषाशास्त्राचे विद्यार्थी झाले. तेथे त्यांचे मार्गदर्शक उरिएल वाइनराइख हे वयाने त्यांच्याहून जेमतेम दीड वर्षाने मोठे होते. भाषा-संपर्कावरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्येच प्रसिद्ध झालेला होता. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगतच्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरील लोकांच्या उच्चारात होत असलेला एक बदल, हा लबोव्ह यांनी एम. ए. च्या प्रबंधिकेसाठी घेतलेला विषय होता. ‘राइट’ किंवा ‘हाउस’ अशा शब्दांतील संयुक्त स्वरांचा आरंभ काही बेटकरांच्या तोंडी खालून न होता मध्याकडे सरकलेला असे. विषय इतका लहान होता. १९३३ मध्ये न्यू इंग्लंडच्या भाषा-नकाशासाठी या बेटावरील ४ भाषकांची पाहणी झालेली होती; तिचा आधार तुलनेस उपलब्ध होता. लबोव्ह यांनी १९६१ च्या ऑगस्टपासून १९६२ च्या जानेवारीपर्यंत तीन फेऱ्यांत ६९ मूळ रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या.

एखादा ध्वनी बदलत असेल तर वृद्धांत त्याचे प्रमाण कमी आणि तरुणांत अधिक असावे, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. ‘राइट’मधील स्वराच्या बाबतीत लबोव्ह यांनी काढलेला निर्देशांक ७५ वर्षांवरील भाषकांत २५, ६१ ते ७५ या गटात ३५, ४६ ते ६० या गटात ६२ आणि ३१ ते ४५ या गटात ८१ असा चढत गेला. येथवर सारे अपेक्षेप्रमाणे होते. मात्र १४ ते ३० वर्षे वयाच्या, म्हणजे सर्वांत तरुण गटात तो एकदम ३७ वर उतरला.

हा शेवटचा आकडा अपवाद म्हणून बाजूला सारता आला असता. तरुणांची संख्या अपुरी आहे, असे म्हणून त्या गटाचा विचार टाळता आला असता. लबोव्ह यांनी त्या आकड्याचेच कारण शोधले. बेटाचा जुना मासेमारीचा धंदा खालावलेला होता, उन्हाळ्यात येणाऱ्या सुखवस्तू पाहुण्यांवर बेटाचे अर्थकारण अवलंबून होऊ लागले होते. जे लोक बेटावर पाय रोवून राहावयाचे ठरवून होते, विशेषतः चिल्मार्क भागातील मच्छीमार, त्यांच्या बोलण्यात हा उच्चार सर्वांत ठळक होता; जे तरुण बेट सोडून जाण्याच्या विचारात होते त्यांच्या बोलण्यात तो क्षीण होता. उच्चारामागे वय इतकेच कारण नव्हते. बेटाविषयीची आपुलकी हे खरे कारण होते. १९६३ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि समाजभाषाविज्ञान या शाखेच्या आरंभीच्या कार्यांत त्याची गणना होऊ लागली. तो सर्वांत तरुण गटातील न जुळणारा आकडा नसता तर एक सरळ चढती रेघ तेवढी मिळाली असती.

वाइनराइख १९६७ मध्ये वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी वारले. भाषा-परिवर्तनाच्या उपपत्तीवर त्यांनी लबोव्ह आणि मार्विन हर्झोग या आपल्या विद्यार्थ्यांसमवेत लिहिलेला दीर्घ निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्गदर्शनाचा आरंभ एका लहान प्रबंधिकेत झाला आणि त्याची परिणती गुरु-शिष्यांच्या संयुक्त लेखनात झाली. लबोव्ह यांनीही पुढे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका आत्मपर टिपणात या ऋणाचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे.

५. मार्गदर्शन कोठे आणि कसे मिळवावे

मार्गदर्शन म्हणजे मार्गदर्शकाची भेट, असे समीकरण विद्यार्थी मनाशी बांधतात. भेट महत्त्वाची खरी. पण मार्गदर्शकाचा वेळ मर्यादित असतो. पीएच. डी. च्या बाबतीत तर आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी ही कमाल संख्या ठरवून दिली आहे, आणि प्रत्येक सत्रात संशोधन-सल्लागार समितीपुढे कामाचा अहवाल मांडण्याची व्यवस्था केली आहे. पदवी आणि पदव्युत्तर प्रकल्पांना ही मर्यादा लागू नाही; तेथे मार्गदर्शकाभोवती गर्दी असते. म्हणून मिळालेल्या अर्ध्या तासाचा उपयोग कसा करावा हे विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की प्रश्न लिहून आणावा आणि तो उत्तर देता येईल असा असावा. ‘माझे काम बरोबर चालले आहे काय?’ या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘पाहू’ याखेरीज उत्तर नाही. ‘सातव्या क्रमांकाच्या निवेदिकेने एकाच शब्दाचे दोन उच्चार केले, ते एका रकान्यात लिहू की दोन?’ या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मिळताच काम पुढे सरकते. प्रश्न लिहिण्याच्या खटाटोपात कित्येकदा उत्तर विद्यार्थ्यालाच सापडते, हा आणखी एक लाभ.

दुसरी गोष्ट, केवळ मनःस्थिती सांगू नये; सामग्री समोर ठेवावी. मनःस्थिती ऐकून मार्गदर्शक सहानुभूती देऊ शकतो. तक्ता पाहून तो मदत करू शकतो.

तिसरी गोष्ट, दिनांकवार नोंदवही ठेवावी. कोणत्या दिवशी कोणता निर्णय कोणत्या कारणाने घेतला, हे तीत लिहिलेले असावे. चार महिन्यांनी ‘हे शब्द यादीतून का गाळले?’ असा प्रश्न परीक्षकाने विचारण्याआधी विद्यार्थी स्वतःलाच विचारीत असतो, आणि स्मरणशक्ती त्या वेळी साथ देत नाही. वहीतील दोन ओळी साथ देतात.

चौथी गोष्ट, पूर्वसूरींचे कार्य हेही मार्गदर्शनच आहे. बोलींच्या अभ्यासकाला ग्रियर्सन यांची पाहणी आहे, डॉ. अमृत माधव घाटगे यांनी केलेल्या मराठी बोलींच्या वर्णनांची माला आहे, तिचा पहिला भाग १९६३ मध्ये निघाला, ना. गो. कालेलकर यांचे ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ आहे, त्याला १९६७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अलीकडे झालेले मराठी बोलींचे सर्वेक्षण आहे. या कार्यांतून निष्कर्ष घेण्यापेक्षा रीत घ्यावी : निवेदक कसे निवडले, शब्द कोणते विचारले, जे जमले नाही ते कसे सांगितले. ज्यांचे निष्कर्ष आज अंतिम वाटतात त्यांनाही निवेदकांची, शब्दांची आणि वेळेची मर्यादा होती हे पाहिले म्हणजे स्वतःच्या मर्यादेचे दडपण कमी होते.

पाचवी गोष्ट सहाध्यायांची. आपल्या कानावर विश्वास ठेवावा की नाही, हा बोलींच्या अभ्यासकाला वारंवार छळणारा संशय आहे. ‘ळ’ आणि ‘य’ यांच्या मधलाच एखादा उच्चार ऐकू येतो आणि काय लिहावे ते सुचत नाही. यावर सोपा उपाय असा की ध्वनिमुद्रणातील ५० उच्चार निवडून ते सहाध्यायाला स्वतंत्रपणे ऐकवावेत आणि त्याने काय लिहिले ते ताडून पाहावे. दोघांच्या ४५ नोंदी जुळल्या आणि ५ जुळल्या नाहीत, तर आपला कान कितपत भरवशाचा आहे हे आता सांगता येते. आणि त्या ५ उच्चारांसाठी ‘संदिग्ध’ असा तिसरा वर्ग करता येतो. ‘तुझा कान चांगला आहे’ या शिफारशीपेक्षा ही तुलना अधिक धीर देणारी आहे, कारण ती इतरांनाही दाखविता येते.

लेखनाच्या टप्प्यावर आणखी एक भीती उद्भवते : आपण लिहिलेले आपलेच ठरेल काय? आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि योग्य निर्देशासह घेतलेली अवतरणे, संदर्भसूची व सर्वसामान्य संज्ञा यांची गणना साम्यात होत नाही. हे नियम विद्यार्थ्याला प्रकल्पाच्या आरंभीच वाचून दाखविले तर शेवटी होणारी पुष्कळशी धावपळ टळते. मात्र टक्केवारी म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडला तरी त्याचे नाव सांगणे प्राप्तच असते.

६. मार्गदर्शकाची मर्यादा

मार्गदर्शकाने हमी देऊ नये. ‘तुमचा सिद्धान्त खरा ठरेल’ असे म्हणणारा मार्गदर्शक विद्यार्थ्याला न कळत त्या सिद्धान्ताला बांधून टाकतो. मग विरुद्ध नोंद आली की विद्यार्थ्याला सामग्रीशी प्रामाणिक राहावे की गुरुजनांच्या शब्दाशी, असा पेच पडतो. हमी द्यावयाचीच तर ती कार्यपद्धतीची द्यावी : नोंदी खऱ्या असतील, पद्धत स्पष्ट सांगितली असेल आणि निष्कर्ष पुराव्याच्या पुढे गेला नसेल, तर उत्तर ‘नाही’ असे आले तरी प्रबंधिका उणी ठरणार नाही. ‘या गावात वय आणि ळ यांचा सरळ संबंध आढळत नाही’ हाही निष्कर्षच आहे. हे वाक्य मार्गदर्शकाने प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यात उच्चारले तर शेवटच्या महिन्यातील कित्येक नीटनेटके तक्ते टळतील.

त्याचप्रमाणे मार्गदर्शकाने संशयाची उत्तरे इतक्या तत्परतेने देऊ नयेत की विद्यार्थ्याला स्वतः शोधण्यास अवसरच राहू नये. पद्धतीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. सामग्रीविषयीच्या प्रश्नाला मात्र ‘यासाठी आणखी कोणते उच्चार ऐकावे लागतील?’ असा प्रतिप्रश्न करावा. आणि विद्यार्थी बरेच दिवस फिरकला नाही तर त्याच्या येण्याची वाट न पाहता निरोप धाडावा. ज्याचे काम अडले आहे तोच बहुधा भेट टाळतो, हा सर्व विभागांचा अनुभव आहे.

व्याकरणशास्त्रात एक परिभाषा प्रसिद्ध आहे. तिचा आशय असा की सूत्राच्या अर्थाविषयी संदेह उत्पन्न झाला म्हणून ते सूत्र असूत्र ठरत नाही. व्याख्यानाच्या साहाय्याने त्याचा विशिष्ट अर्थ निश्चित करून घ्यावयाचा असतो. पाणिनीच्या सूत्रांसाठी सांगितलेला हा न्याय विद्यार्थ्याच्या प्रकल्पालाही लावता येईल. संदेह उत्पन्न झाला म्हणून प्रकल्प टाकून देण्याचे कारण नाही आणि संदेह बुजवून टाकण्याचेही कारण नाही. तो कोणत्या जातीचा आहे हे पाहावे, त्याचे उत्तर ज्याच्याजवळ असेल त्याला विचारावे, कोणाजवळच नसेल तर सामग्रीकडे परत जावे. वऱ्हाडातील त्या आजींचे दोन्ही उच्चार तक्त्यात आपापल्या जागी लिहिले गेले, तर विद्यार्थिनीचा निष्कर्ष पुढे कोणी खोडून काढला तरी त्या नोंदी पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडतील. आणि एवढे साधले तरी तिला तिच्या कामाविषयी समाधान वाटण्यास पुरेसे कारण आहे.